लाइट्स नाही... साउंड, ॲक्शन!

नागावची एक वाडी, पौर्णिमेची रात्र, नऊ जणांचं युनिट आणि एक छोटासा थ्रिलर. आमच्या हिरोला दिसत नाही. सिनेमात नाही आणि खरोखरही नाही. दोन वीकेंड त्याच्याबरोबर शूट केलं आणि ‘भीती दाखवायची म्हणजे दिवे घालवायचे’ हा आमचा फॉर्म्युला समुद्रात गेला.

‘‘म्हणजे मी आंधळा असून शेवटी मला आंधळ्याचं नाटक करणाऱ्या डोळस माणसाचं काम करायचंय?’’

स्क्रिप्ट रीडिंग संपलं आणि आमच्या हिरोने हा बॉम्ब टाकला. आधी दोन सेकंद शांतता, मग सगळे फिस्सकन हसले. मी सोडून. कारण तो ट्विस्ट माझा होता, आणि त्याच्यावर मी भयंकर खूश होते.

थोडी ओळख करून देते. आम्ही सगळे नोकरदार. सोमवार ते शुक्रवार एक्सेल आणि मीटिंगा, शनिवार-रविवार शॉर्ट फिल्मची खाज. डिरेक्टर आमच्याच ऑफिसातला, कॅमेरामन त्याचा शाळासोबती, व्हिलन अकाउंट्समधला (नाक आणि आवाज दोन्ही त्या लायक!). मी लेखिका कम असिस्टंट कम चहा ऑर्डर करणारी. आणि हिरो एका बँकेत ऑफिसर, वय एकतीस, जन्मापासून दृष्टिहीन. कॉम्प्युटरवर स्क्रीन रीडर लावून काम करतो, तेही इतक्या स्पीडने की तो आवाज माणसाचा आहे हेसुद्धा आपल्याला कळू नये. कॉलेजात एकांकिकांच्या ग्रुपमध्ये होता. पण पाच वर्षांत एकदाही रंगमंचावर गेला नाही. ‘‘मला नेहमी विंगेतच ठेवायचे,’’ तो म्हणाला. ‘‘कधी पार्श्वसंगीत, कधी आकाशवाणी, एकदा देव. दिसायचं काम असलं की दुसरा कुणीतरी.’’

म्हणून त्याने आम्हाला होकार देताना एकच अट घातली होती. त्याच्याकडे बघून कुणी च् च् करता कामा नये, थिएटरमध्ये बसलेल्या माणसानेसुद्धा. आणि आम्ही त्याच्या हातात काय ठेवलं, तर शेवटच्या सीनमध्ये गॉगल काढून ‘मला सगळं दिसतं’ म्हणणारा माणूस!

ट्विस्ट गेला खड्ड्यात

माझ्या बचावासाठी सांगते, हा आजार माझ्या एकटीचा नाही. आपल्या पडद्याला आंधळेपणाचं भारी आकर्षण आहे, आणि तो बहुतेक वेळा डोळस नटाच्या अंगावर चढवलेला असतो. विपुल शहांच्या ‘आँखें’ (२००२) मध्ये अक्षयकुमार, अर्जुन रामपाल आणि परेश रावल हे तीन ‘अंध’ बँक लुटतात. ‘काबिल’ (२०१७) मध्ये हृतिक रोशन सूड घेतो. आणि आपल्या पुण्यात घडणारा श्रीराम राघवन यांचा ‘अंधाधुन’ (२०१८) तर आयुष्मान खुरानाच्या आंधळेपणाच्या सोंगावरच उभा आहे. सिनेमा भन्नाट आहे, वाद नाही. माझा ट्विस्ट कुठून आला असेल हेही तुमच्या लक्षात आलं असेलच.

‘‘यात पहिला मी नाही हं,’’ हिरोने त्या दिवशी सांगितलं. ‘‘शॅडो नावाचा पिक्चर शोध.’’

शोधला. ‘शॅडो’, २००९, दिग्दर्शक रोहित नय्यर. ॲक्शन थ्रिलर. मिलिंद सोमण आणि सोनाली कुलकर्णी ही आपली मंडळी त्यात, हृषिता भट्ट त्यात, आणि मुख्य भूमिकेत नासिर खान. हा नट खरोखरचा दृष्टिहीन. आणि सिनेमा कुठला, तर मारामारीचा! सहानुभूतीचा नाही, शाळेतल्या प्रार्थनेचा नाही. सोनाली कुलकर्णीचे कितीतरी सिनेमे मी पाहिलेत, पण या सिनेमाचं नावही मला ठाऊक नव्हतं. ऑफिसात विचारलं तर कुणालाच नव्हतं. डोळस नटांनी केलेले अंध हिरो मात्र सगळ्यांना धडाधड आठवत होते.

रंगभूमी या बाबतीत आपल्या पुढे आहे. ‘स्पर्शज्ञान’ हे मराठी ब्रेल पाक्षिक २००८ साली सुरू करणारे स्वागत थोरात यांनी दृष्टिहीन कलाकारांचा अख्खा संच घेऊन ‘अपूर्व मेघदूत’ उभं केलं. नाच, हालचाली, सगळ्यासकट. आणि त्याच्या कितीतरी आधी सई परांजपे यांनी ‘स्पर्श’मध्ये दिल्लीच्या अंधशाळेतली खरी मुलं घेतली होती. प्राचार्य मात्र नसीरुद्दीन शाह. मोठाच नट, राष्ट्रीय पुरस्कार मिळाला त्यांना. पण बघा, तिथेही खरी मुलं मागे आणि पुढे डोळस माणूस.

तर ट्विस्ट गेला. नवीन गोष्ट अशी ठरली: वाडीची राखण करणारा एक अंध माणूस, रात्री दारात आलेला एक अनोळखी पाहुणा. तो म्हणतो, मी मालकांचा धाकटा भाऊ. आपल्या माणसाला आवाजावरून कळतं की हा खोटं बोलतोय. पुढे काय? ते शूटवर सापडेल, असं डिरेक्टर म्हणाला. म्हणजे त्यालाही माहीत नव्हतं.

सुंभ आणि तंगूस

जानेवारीतल्या शनिवारी सकाळी गेटवेवरून मांडव्याची बोट पकडली. आम्ही सगळे वरच्या डेकवर फोटो काढण्यात गुंग, आणि हिरो कठड्याला टेकून. ‘‘आलं मांडवा,’’ आमच्या आधी तो म्हणाला. इंजिनाचा सूर उतरला होता. मांडव्याहून अलिबाग, तिथून नागाव. डिरेक्टरच्या आत्याचं तिथे जुनं घर. समोर ओटी, मधे माजघर, मागे पडवी, पलीकडे विहीर आणि नारळी-सुपारीची वाडी. वाडी संपली की सुरूचं बन, बन संपलं की समुद्र.

पहिले दोन तास एकही शॉट घेतला नाही. हिरो घर ‘वाचत’ होता. ओटीचा कोबा, माजघराची शहाबादी फरशी, मागचं सारवलेलं अंगण. अनवाणी पावलांना तिन्ही वेगळं लागतं. ओटीच्या पायरीपासून विहिरीपर्यंत बावीस पावलं. आत्या कौतुकाने त्याचा हात धरायला गेल्या, तर म्हणाला, ‘‘आत्या, तुम्ही नका धरू, मी तुमचं कोपर धरतो. म्हणजे तुम्ही वळलात की मला कळतं.’’ दुपारपर्यंत तो त्या घरात आमच्यापेक्षा सराईतपणे वावरत होता. त्या अंधाऱ्या माजघरात चौकटीला डोकं आपटून घेणारे आम्ही, तो नाही.

खरी गंमत पुढे. सिनेमात नटाला जमिनीवर टेपची खूण देतात. तिथेच येऊन थांबायचं, नाहीतर फोकस गेला. टेप याला कशी कळणार? मग आत्यांनी गड्याकडून सुंभ आणवलं, काथ्याची दोरी. जिथे थांबायचं तिथे सुंभाचा तुकडा. अंगणात वर माती भुरभुरायची, किनाऱ्यावर वाळू. पायाला लागतं, कॅमेऱ्याला दिसत नाही.

दुसरा प्रश्न क्यूचा. एरवी डिरेक्टर हात हलवतो आणि नट चालू लागतो. इथे तोंडाने सांगावं तर माइकमध्ये जाणार. उपाय शेजारच्या आक्षीच्या एका कोळीदादांनी दिला. मासेमारीचा तंगूस, तो पारदर्शक नायलॉनचा दोरा. एक टोक हिरोच्या करंगळीला, दुसरं माझ्या हातात. एक झटका म्हणजे चाल, दोन म्हणजे वळ. ‘‘मासा लागला की असंच कळतं,’’ दादा म्हणाले. हिरोला ही उपमा इतकी आवडली की दिवसभर तो स्वतःला सुरमई म्हणवून घेत होता.

आणि सगळ्यात अवघड म्हणजे आमचं बोलणं! ‘‘इकडे ये’’, ‘‘थोडं तिकडे बघ’’, ‘‘असं कर’’ म्हणून हाताने दाखवायचं. पहिल्या तासात कळलं की आपण अर्धी भाषा बोटांनीच बोलतो. ‘इकडे’ म्हणजे कुठे? ‘असं’ म्हणजे कसं? डिरेक्टरला पहिल्यांदाच स्वतःला नेमकं काय हवंय ते शब्दात सांगावं लागलं. ‘‘जरा घाबरल्यासारखं दाखव’’ म्हटल्यावर हिरो म्हणाला, ‘‘घाबरलेला माणूस कसा दिसतो ते मी कधी पाहिलेलं नाही. मी कशाला घाबरतोय ते सांग, बाकीचं माझं मी बघतो.’’ नाटकाच्या वर्कशॉपांना पैसे भरून आम्ही जे शिकलो नव्हतो, ते त्याने एका वाक्यात शिकवलं.

सात आणि अकरा

आता थ्रिलरचं मेन पॉइंट: भीती.

माझ्या स्क्रिप्टमध्ये लिहिलं होतं, ‘अचानक दिवे जातात. तो दचकतो.’ हिरोने विचारलं, ‘‘मी का दचकेन? मला कळणारच नाही दिवे गेलेले. पंखा बंद झाला तर कळेल.’’ बरोबर आहे ना! लोक त्याला विचारतात, सगळीकडे अंधारच दिसतो का? तो म्हणतो, ‘‘अंधार दिसायलाही डोळे लागतात. मला अंधार नाही आणि उजेडही नाही. तुमच्या डोक्यामागे तुम्हाला काय दिसतं? तसं.’’

‘वेट अंटिल डार्क’ (१९६७) मध्ये ऑड्री हेपबर्नने केलेली अंध नायिका घरातले दिवे फोडते आणि गुंडांना आपल्या पातळीवर आणते. तेव्हा थिएटरवालेही शेवटची काही मिनिटं आपले दिवे जमतील तितके मंद करायचे. म्हणजे अंधार हे तिचं हत्यार. हे हुशार. पण मग आमच्या हिरोला भीती कशाची?

उत्तर पौर्णिमेच्या रात्री मिळालं, आणि तेही आमच्या घोळातून.

किनाऱ्यावरचा एक सीन होता. पाहुणा आणि तो बोलत उभे आहेत. अर्धा सीन आम्ही सातला घेतला, सूर्य बुडून अंधार पडल्यावर. मग जेवणं, लाइटची कटकट, एका कुत्र्याचा मुक्काम. उरलेला अर्धा रात्री अकराला. मॉनिटरवर दोन्ही तंतोतंत जुळत होते. काळं आकाश, काळं पाणी, दोन चेहरे. आम्ही टाळ्या देत होतो, तेवढ्यात हेडफोन लावून बसलेला हिरो म्हणाला, ‘‘हे दोन वेगळ्या ठिकाणी घेतलेत का?’’

कोळीदादा हसायला लागले. पौर्णिमा-अमावास्येला इथली भरती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या सुमाराला, ओहोटी सकाळ-संध्याकाळ सहा-सातला. अष्टमीच्या भांगाला नेमकं उलट. नागावचा किनारा सपाट, त्यामुळे ओहोटीला पाणी पार लांब जातं. सातला समुद्र दूर कुठेतरी कुजबुजत होता. अकराला उधाणाची भरती पायाशी येऊन गरजत होती. डोळ्यांना दोन्ही काळंच. कानांना मात्र दिवस आणि रात्रीइतका फरक. आमच्या साउंडवाल्याने कपाळावर हात मारला, कारण हे त्याला कळायला हवं होतं.

सीन पुन्हा घ्यायला म्हणून हिरो पाण्याच्या दिशेने निघाला आणि दहा पावलांवर थांबला. तिथे त्याने मला जे सांगितलं, तो आमचा सिनेमा.

वाळूत पांढरी काठी जवळजवळ निकामी. टक टक आवाज येत नाही, टोक रुततं. मग तो किनाऱ्यावर चालतो कसा? एका कानाला समुद्र, दुसऱ्या कानाला सुरूच्या बनातली वाऱ्याची शीळ. दोन्हींच्या मधे तो. पायाखाली किनाऱ्याचा उतार आणि ओली-कोरडी वाळू. म्हणजे दोन्ही बाजूंना कठडा असलेला रस्ताच! पण भरती चढली, वारा वाढला, की समुद्र दोन्ही कान भरून टाकतो. बन ऐकू येत नाही, माणूस कुठून बोलतोय कळत नाही, त्याचं पाऊलही कळत नाही. ‘‘तुमच्यासाठी दिवे जाणं म्हणजे जे,’’ तो म्हणाला, ‘‘ते माझ्यासाठी हे.’’

ब्रिटनमधले प्राध्यापक जॉन हल प्रौढपणी दृष्टिहीन झाले. ‘टचिंग द रॉक’ (१९९०) या पुस्तकात त्यांनी लिहिलंय की पाऊस पडू लागला की प्रत्येक वस्तूवर वेगळा वाजतो, आणि बाहेरच्या जगाला आकार येतो. आवाज दाखवतो. मग आवाज लपवूही शकतो, नाही का?

रात्री दीड वाजता ओटीवर बसून आम्ही गोष्ट नव्याने लिहिली. पाहुण्याला कळतं की घरात हा माणूस आपल्याला भारी पडणार. म्हणून तो त्याला उधाणाच्या वेळेला, गोड बोलून, किनाऱ्यावर नेतो. दिवा नाही, चाकू नाही. फक्त भरतीची वेळ. पाहुणा गप्प होतो आणि दोन पावलं मागे सरकतो. बस. लिहितानाच माझ्या अंगावर काटा आला.

दीड फूट

इथवर वाचून तुम्हाला वाटेल, काय गोड अनुभव! थांबा.

दुसरा वीकेंड, धावण्याचा शॉट. माजघरातून पडवीत, पडवीतून अंगणात. हिरोने बारा वेळा तालीम केली, तेराव्यांदा फुल स्पीडने धावायचं होतं. मॉनिटरवर मला पडवीचा कोपरा रिकामा वाटला. तिथली लाकडी आरामखुर्ची मी उचलली आणि दीड फूट आत सरकवली. फ्रेम मस्त झाली. कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं काय होतं त्यात?

आवाज अजून कानात आहे. खुर्ची, तो, आणि वरून लाइटचा स्टँड. नडगी फाटली, कपाळाला टेंगूळ. अलिबागला नेऊन चार टाके घातले. वाटेत मी सॉरी, सॉरी, सॉरी. तो काहीच बोलला नाही. परतताना, रिक्षात, शांतपणे म्हणाला, ‘‘पायाचं काही नाही गं. पण दोन दिवस त्या घरात मी आंधळा नव्हतो. आज तू मला आंधळं केलंस.’’

यावर काय बोलणार?

त्या रात्री मी काय केलं, तर डोळ्यांना ओढणी बांधून घरभर फिरले. प्रायश्चित्त म्हणा. दोनदा आपटले, एकदा रडले. सकाळी त्याला सांगितलं तर हसला. ‘‘तू आंधळेपणाचं पहिलं मिनिट पाहिलंस. मी एकतीस वर्षांवर आहे. तुला कळली ती तुझी भीती, माझं आयुष्य नव्हे. डोळे बांधू नकोस, खुर्ची हलवलीस की सांग. तेवढं पुरे.’’

पट्टी बांधलेल्या पायाने त्याने तो शॉट दिला. चौदाव्या टेकला. आम्ही नको म्हणत होतो, डिरेक्टर तर पॅकअप म्हणून मोकळा झाला होता. पण हिरो म्हणाला, ‘‘विंगेत बसायला मला बोलावलंयत का?’’

चौकट
तुमच्या शूटवर (किंवा ऑफिसात) दृष्टिहीन सहकारी असेल तर

- एकही वस्तू न सांगता हलवू नका. खुर्ची, बॅग, अर्धवट उघडं दार, सगळं यात आलं.
- ‘इकडे-तिकडे’ बंद. ‘तुझ्या डाव्या हाताला, तीन पावलांवर’ असं बोला.
- हात धरून ओढू नका. आपलं कोपर पुढे करा.
- खोलीत आलात की बोला, जातानाही सांगून जा. रिकाम्या खुर्चीशी गप्पा मारायला लावण्यासारखा दुसरा अपमान नाही.
- ‘बघ’, ‘भेटू’, ‘पाहिलास का तो पिक्चर’ बिनधास्त म्हणा. तेही म्हणतात.
- स्क्रिप्ट किंवा फाइल टाइप केलेली द्या. कागदाचा फोटो काढून पाठवलात तर स्क्रीन रीडरची पंचाईत होते.

बटण कुठेय?

क्लायमॅक्सचा तिढा हिरोनेच सोडवला. उधाणात हरवलेला माणूस घरी परततो कसा? आम्ही काय काय सुचवलं! कुत्रा भुंकतो, देवळाची घंटा वाजते, पोलीस येतात. तो म्हणाला, ‘‘वाळूखाली माझ्यासाठी सुंभ पुरताय ना? ते लपवताय कशाला? गोष्टीतच घ्या.’’ म्हणजे वाडीच्या राखणदाराने विहिरीपासून किनाऱ्यापर्यंत स्वतःसाठी आधीच सुंभ पुरून ठेवलेलं असणार. पाहुण्याला ते दिसत नाही, कारण ते वाळूखाली आहे. याच्या पावलांना सापडतं. शेवटच्या शॉटमध्ये वाळूत चाचपडणारा अनवाणी पाय, आणि बाकी नुसती लाटांची गाज. असा क्लायमॅक्स मला सात जन्मांत सुचला नसता. वाळूखालचं सुंभ आम्हाला निव्वळ अडचणीवरचा उपाय वाटत होतं. गोष्ट त्यातच दडली होती.

एडिट झालं, आणि मग लक्षात आलं की हिरो आपलाच सिनेमा बघणार कसा? त्यासाठी ऑडिओ डिस्क्रिप्शन असतं, म्हणजे संवादांच्या मधल्या फटींत पडद्यावर काय घडतंय ते सांगणारा आवाज. २०२३च्या जानेवारीत दिल्ली उच्च न्यायालयाने ‘पठान’च्या ओटीटी आवृत्तीसाठी याची सोय करायला सांगितलं होतं, आणि २०२४मध्ये केंद्र सरकारने थिएटरांसाठीही मार्गदर्शक सूचना काढल्या. आमचा तर अठरा मिनिटांचा सिनेमा. आवाज कुणाचा? सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं (हे मला दिसलं, त्याला सांगावं लागलं).

मी चार दिवस घासून मजकूर लिहिला. ‘चंद्रप्रकाशात त्याचा भयभीत चेहरा चमकतो’ वगैरे. हिरोने तीन चतुर्थांश कापला. ‘‘भयभीत आहे हे श्वासावरून कळतंय. पाय कुठे आहेत ते सांग.’’ किनाऱ्याच्या सीनला तर म्हणाला, ‘‘इथे तू गप्प बस. इथे लोकांना काही कळता कामा नये.’’

गेल्या महिन्यात माझ्या फ्लॅटवर पहिला शो झाला. गादीवर, खुर्च्यांवर, जमिनीवर मिळून पंधरा-सोळा जण. पडदे ओढलेले, ट्यूब बंद. किनाऱ्याचा सीन आला आणि डिरेक्टरने आधी ठरवल्याप्रमाणे स्क्रीन पूर्ण काळी केली. दीड मिनिट फक्त उधाण. कुणीतरी माझा दंड घट्ट धरला. कुणाच्याही तोंडून च् च् आलं नाही. मी कान देऊन ऐकत होते, म्हणून खात्रीने सांगते.

सिनेमा संपला. प्रोजेक्टर बंद. काळोखात सगळे एकदम उठले, कुणाचा पाय कुणावर, एक कप फुटला, ‘‘अरे लाइट लावा, लाइट’’ची ओरड सुरू झाली. मला माझ्याच घराचं बटण सापडेना.

टक्. ट्यूब लागली. दाराजवळ हिरो उभा होता. आल्या आल्या त्याने मला विचारून ठेवलं होतं, बटण कुठेय म्हणून. मला तेव्हा प्रश्न पडला होता, याला कशाला हवंय?

‘‘डोळस मंडळी येणार होती ना,’’ तो म्हणाला. ‘‘तुमची सोय बघायला नको?’’